फक्कीच्या भिंती

मधल्या सुट्टीत मास्तर घरी जायचे. म्हणजे उठून कुठं जायचे नाहीत हं! शिक्षकांच्या खोलीत खिडकीपाशी एक हात मोडलेली खुर्ची होती. डबा खाऊन, हात धुऊन तिच्यात बसायचे, टोपी गुडघ्यावर ठेवायचे आणि डोळे मिटायचे. की पोचले घरी. कुणी काही विचारलं तर मिटल्या डोळ्यांनीच सांगायचे, "थांबा जरा, परड्यात आहे." घंटा झाली की शिपाई हाक मारायचा, "मास्तर, चला, घंटा झाली." तर हे म्हणायचे, "आलो, आलो. कडी लावतो." हात वर करून हवेतच कडी सरकवायचे, ती नीट बसली का ते एकदा चाचपून बघायचे आणि मग डोळे उघडायचे.

शाळेत नवीन आलेल्या माणसाला हे बघून घाम फुटायचा. मलाही फुटला होता. मी कोरेगावची, लग्न होऊन सांगलीत आलेली, नोकरीचा पहिलाच आठवडा. शेजारच्या बाईंना हळूच विचारलं, "ह्यांना काही होतंय का?" त्या म्हणाल्या, "काही नाही गं, घरी गेलेत." आणि पुन्हा वह्या तपासायला लागल्या. चार दिवसांनी मीही तशीच म्हणायला लागले.

गंमत अशी की ह्या माणसाला घरच नव्हतं. आम्ही दोघं एकाच शाळेत आणि एकाच चाळीत. त्यांची खोली आमच्या समोरची. जन्मभर भाड्याच्या खोलीत राहिलेला माणूस. आधी कोरेगावात, मग साताऱ्यात, मग सांगलीत. अंगानं उंच, सडसडीत आणि मानेत कायमचा बाक. म्हणायचे, "मी वाकडा नव्हतो हो बाई. भाड्याच्या दारांनी वाकवलंय. एकाही मालकानं चौकट माझ्या मापाची लावली नाही."

ड्रॉइंग शिकवायचे. आमच्या शाळेतली बहुतेक पोरं हमालांची, शिंप्यांची, कुपवाडला नवे कारखाने निघत होते तिथल्या कामगारांची. 'माझे घर' हा विषय दिला की सगळी पोरं एकच चित्र काढायची. मागं दोन डोंगर, मध्ये अर्धा सूर्य, खाली नदी, उतरत्या छपराचं घर आणि शेजारी नारळाचं झाड. मास्तर एकेकाच्या पाटीवर वाकून बघायचे. "डोंगर झकास आलाय. मोरी कुठं आहे रे?" पोरगं डोकं खाजवायचं. "आई भांडी कुठं घासणार? डोंगरावर? डोंगर राहू दे, आधी मोरी काढ." आमच्या शाळेतल्या पोरांनी जितक्या मोऱ्या काढल्या तितक्या कुठल्या शाळेनं काढल्या नसतील.

त्यांच्या सदऱ्याच्या खिशाला खाली एक तांबूस डाग असायचा. कुठलाही सदरा घाला, डाग तिथंच. तो गंजाचा डाग. खिशात एक लोहाराकडनं घडवून घेतलेला जाडजूड खिळा असायचा, सदासर्वकाळ. पोरं त्यांना मागं 'खिळामास्तर' म्हणायची. त्यांनाही ते ठाऊक होतं.

खिळ्यामागची गोष्ट, म्हणजे आरशाची, मला त्यांच्या बायकोनं आधीच सांगितली होती. ती माझ्याच उंचीची, बुटकी. आमच्या दोघींच्या बांगड्या एका मापाच्या, चपला एका मापाच्या. म्हणायची, "ह्यांच्या तोंडाकडं बघायचं तर मान दुकती माजी." तिच्या रुखवतात एक आरसा आला होता, लाकडी चौकटीचा, वर पोपटाची जोडी कोरलेली. तो आरसा भिंतीवर कधीच लागला नाही. कोरेगावच्या मालकानं खिळा ठोकू दिला नाही, साताऱ्याच्या दिला नाही आणि आमचा चाळमालक अण्णा तर विचारूच नका. भिंतीला भोक पडलं की चाळ पडते अशी त्याची ठाम समजूत. पहिल्या तारखेला भाडं घ्यायला आला की म्हशीच्या अंगावरनं फिरवावा तसा भिंतीवरनं हात फिरवायचा. म्हणून तो आरसा तांदळाच्या डब्याला टेकून जमिनीवर उभा. मास्तरांची बायको रोज सकाळी फरशीवर मांडी घालून बसायची आणि कुंकू लावायची. "उभं ऱ्हायलं तर नुसतं पाय दिसत्यात की वो बाई," म्हणून हसायची.

एका उन्हाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. चांगली, हसती बाई होती. मला फार लागलं ते. मास्तरांनी तो आरसा डब्यापासून हलवला नाही. पुसायचे रोज, पण हलवायचे नाहीत. आणि आरशासाठी घडवून घेतलेला तो खिळा तेव्हापासून खिशात आला.

तेव्हापासूनच त्यांचं ते घराचं वेड सुरू झालं, असं लोक म्हणतात. माझं म्हणणं, ते आधीपासूनच होतं, पण आता त्याला तोंड फुटलं. भाजी घेताना, न्हाव्यापुढं बसल्यावर, कुणाच्या बारशाला गेल्यावर, कुठंही. "भाडं म्हणजे काय, सांगा बघू? दुसऱ्याच्या घराचा हप्ता! तो आपण जन्मभर भरतो, मग आपल्या घराचा का नाही भरणार?" लोक माना डोलवायचे आणि सटकायचे. बारशाच्या घुगऱ्या हातात घेऊन घरबांधणीचं सरकारी धोरण कोण ऐकणार? हौसाक्का म्हणून चाळीत एक म्हातारी होती, भाकऱ्या करून विकायची. ती एकटी शेवटपर्यंत ऐकून घ्यायची आणि विचारायची, "मास्तर, मग मोरी कुनीकडं घ्याची?" मास्तर खूश व्हायचे.

आणि अशात बातमी आली की कुपवाडच्या बाजूला जो सरकारी माळ पडून होता, त्याचे प्लॉट पाडणार आणि लिलाव करणार. जो जास्त बोली लावेल त्याचा प्लॉट. अण्णानं त्याच दिवशी नवं धोतर काढलं. "दोन-चार घेऊन टाकावं म्हंतो. खोल्या बांदू. तुमालाच भाड्यानं दिऊ की."

मास्तरांच्या हातात चहाची बशी होती. ती त्यांनी खाली ठेवली. मी त्यांना रागावलेलं कधी बघितलं नव्हतं, तेव्हाही ते रागावले नाहीत. नुसते म्हणाले, "बाई, हा माळ गेला की संपलं. आपली पोरंबी अण्णाच्या पोराला भाडं देणार." आमचे हे कुपवाडला टर्नर होते. सासूबाई, आम्ही दोघं, दोन पोरं, सगळी एका खोलीत. रात्री कुणी कूस बदलली की सगळ्यांना बदलावी लागायची. ते वाक्य ऐकल्यावर त्या रात्री मी झोपलेल्या पोरांकडं बघत बसले.

मास्तरांनी अर्ज केले. ते कुठं गेले देवाला माहीत. मग एका रविवारी सकाळी ते शाळेतनं फक्कीचं पोतं सायकलला बांधून निघाले. शाळेच्या खेळांसाठी मैदानावर पांढऱ्या रेघा मारायला चुन्याची फक्की वापरतात, ती. ते काम दरवर्षी ड्रॉइंग मास्तरांकडेच असायचं. हात असा सरळ की दोरी लावायला नको.

दुपारी पोरगा पळत आला, "आई, मास्तर माळावर घर बांधायलेत!"

आम्ही सगळी चाळ गेलो बघायला. माळावर एक अख्खं घर आखलेलं. पुढं सोपा, मधलं घर, स्वयंपाकघर, कोपऱ्यात मोरी, मागं परडं. सगळ्या भिंती पांढऱ्या रेघांच्या आणि दारांच्या जागा मोकळ्या सोडलेल्या. मास्तर सोप्यात उभे होते, धोतर फक्कीनं माखलेलं. म्हणाले, "या. पण दारानं या."

पोरं रेघा ओलांडून धावायला लागली तर त्यांनी असा दम दिला की म्हाताऱ्यासुद्धा थबकल्या. एकेक करून आम्ही दारानं आत गेलो. चपला बाहेर काढल्या, कुणी सांगितलं नव्हतं. हौसाक्का थेट मोरीपाशी गेली, बसून बघितली, म्हणाली, "ऐसपैस हाय." आणि मग म्हणाली, "मास्तर, मलाबी एक काडून द्या."

झालं! दर रविवारी एकेक घर वाढत गेलं. माळावर आळी उठली. आता सांगितलं तर कुणाला खरं वाटायचं नाही, पण आम्ही तिथं राहायला लागलो. सकाळी भाकरी-पिठलं बांधून जायचं, दिवेलागणीला परत यायचं. सासूबाईंनी त्यांची सतरंजी दारातनं आत घ्यायला लावली, वारा लागतो म्हणून. अहो, चहूबाजूंनी मोकळा माळ! हौसाक्काच्या मोरीचं पाणी माझ्या तुळशीत येतं म्हणून आमचं कडाक्याचं भांडण झालं. मोरी नाही, पाणी नाही, तुळस नाही, आणि आम्ही पुढच्या रविवारपर्यंत एकमेकींशी बोललो नाही. मास्तरांनी येऊन तिच्या मोरीचं तोंड फिरवून दिलं तेव्हा अबोला सुटला.

आमचे हे सुरुवातीला फार नाक मुरडायचे. "मास्तरानं बायकापोरांना येडं करून सोडलंय." पण एका रविवारी स्वतःच आले, सोप्यात पेपर वाचत बसले. वाचता वाचता जरा सुस्तावले आणि मागं भिंतीला टेकले. भिंत कुठली! पाय वर, डोकं खाली, थेट हौसाक्काच्या स्वयंपाकघरात. तिनं घाईघाईनं डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाली, "आवं, दार वाजवून तरी यावं मानसानं." ह्यांनी उठून माफी मागितली. खरोखर मागितली! मग दारानं बाहेर गेले आणि आपल्या दारानं आत आले. त्या दिवसापासून त्यांनी मास्तरांना नावं ठेवली नाहीत.

मला सगळ्यात आठवते ती तिथली संध्याकाळ. उन्हं कलली की माळ तांबूस व्हायचा आणि रेघा जास्तच पांढऱ्या दिसायच्या. जमिनीपासून वीतभर वर आल्यासारख्या वाटायच्या. आळीत दहा घरं, सगळी सगळ्यांना दिसत होती, पण कुणी कुणाकडं बघायचं नाही. शेजारी बायको नवऱ्याला काही सांगत असली तर आम्ही आवाज खाली करायचो, भिंतीपलीकडं ऐकू जाईल म्हणून. पिठल्याचा वास मात्र यायचा. मी म्हणायचे, "शेजारी आज लसूण जास्त पडलाय." आणि हे म्हणायचे, "हळू बोल, ऐकतील." त्या तेवढ्या वेळात मला कुणाचंच भाडं लागत नव्हतं. मी सुखी होते, दुसरा शब्दच नाही. मास्तर त्यांच्या घरात, आळीच्या टोकाला, एकटेच मधल्या घरात उभे असायचे. एका रेघेपाशी जाऊन हात उंचावायचे, खाली आणायचे, पुन्हा उंचावायचे. आम्हाला वाटायचं, हवा खातायत.

कुणीतरी तक्रार केली. कुणी ते सांगायला नको, त्याचं धोतर नवं होतं. कचेरीतनं शिपाई नोटीस घेऊन आला, सरकारी जागेवर अतिक्रमण केलं म्हणून. नोटीस भिंतीला डकवायची असा नियम. शिपाई बिचारा खळीचा डबा घेऊन माळावर गोल गोल फिरला. शेवटी मास्तरांना म्हणाला, "कुठं डकवू वो?" मास्तरांनी त्याला दारानं आत बोलावलं, पाणी दिलं, आणि नोटीस उंबऱ्याच्या जागी दगडाखाली ठेवायला लावली. तो गेल्यावर माझ्याकडं आले, चेहरा लग्नघरातल्यासारखा. "बाई, सरकारनं मान्य केलं! अतिक्रमण म्हणालेत. म्हणजे घर आहे!"

मला हसू येईना. नोकरी जाईल ह्या माणसाची, हेच डोक्यात.

पुढच्या रविवारी साहेब स्वतः आले. जीप, दोन पोलीस. साहेब तरुण होते, तरातरा चालत सरळ माळ ओलांडत आले आणि हौसाक्काच्या घरात घुसले. ती तीन दगडांच्या चुलीवर भाकरी भाजत होती. तिनं मान वर केली. "आवं सायेब, भितीतनं कुटं आलासा? दार तिकडं हाय."

एका पोलिसाला हसू फुटलं, ते त्यानं मिशीत दाबलं. साहेबांनी खाली बघितलं. बुटाला फक्की लागली होती आणि तेवढी भिंत मोडली होती. त्यांचा चेहरा आधी रागानं लाल झाला, मग त्यांना काय वाटलं कोण जाणे. गुमान मागं फिरले, वळसा घालून दारापाशी आले आणि बूट काढून उभे राहिले. मास्तर धावत आले. "या, या साहेब." दारातनं आत शिरताना मास्तर सवयीनं वाकले. आणि त्यांच्या मागोमाग साहेबही वाकले.

हौसाक्कानं चहा टाकला. साहेब मांडी घालून बसले. म्हणाले, "बोला मास्तर, काय हवंय तुम्हाला?"

मास्तर कुठल्याही बारशात बोलायचे तेच बोलले, पण त्या दिवशी कुणी सटकलं नाही. "साहेब, लिलाव नको. लिलाव म्हटला की जागा कोण घेणार? ज्याला आधीच घर आहे तोच. त्याला दुसरं घर, आणि आम्ही त्याच्यात भाडेकरू. सरकारनं किंमत ठरवावी आणि हप्ता भाड्याएवढा ठेवावा. भाडं आम्ही चुकवत नाही, हप्ताही चुकवणार नाही. ज्याला पगाराची चिठ्ठी मिळत नाही त्याच्या मुकादमाचा शब्द धरावा. अर्ज जास्त आले तर चिठ्ठ्या टाकाव्यात. आणि घर नवराबायको दोघांच्या नावावर करावं."

"बायकोच्या कशाला?" साहेबांनी विचारलं.

"राहते ती," मास्तर म्हणाले. "आपण नुसते झोपायला येतो."

साहेब हसले. मग म्हणाले, "हे असं आजपर्यंत केलेलं नाही. वर विचारावं लागेल. शिवाय उद्या गावाकडं वाडे असलेले लोकसुद्धा तुमच्या रांगेत येऊन उभे राहतील, त्यांचं काय?"

"त्यांना देऊ नका," मास्तर ताडकन म्हणाले. "ज्याच्या नावावर कुठं भिंतसुद्धा असेल, त्याला देऊ नका. लिहून घ्या साहेब."

साहेबांनी लिहून घेतलं.

मग वाट बघणं आलं. सरकारी काम आणि सहा महिने थांब, तसं ते थांबणं. मास्तर मात्र थांबले नाहीत. सुट्टी मिळाली की फक्कीचं पोतं घेऊन एसटीत बसायचे. कंडक्टर पोत्याचं तिकीट मागायचा, तर मास्तर म्हणायचे, "अख्खं घर आहे त्यात, कितीचं फाडता?" कोरेगावच्या बाजारच्या मैदानात त्यांनी घर आखलं, माझ्या माहेरच्या माणसांनी येऊन सांगितलं. साताऱ्यात तर कमाल केली. कुठल्याशा सभेच्या आधी मैदानात जाऊन घर आखून बसले. पुढारी आले, माईक होता तिथं उभे राहिले आणि गरिबाला घर देऊ म्हणून जोरात बोलायला लागले. मास्तर खालनं हात वर करून उभे. पुढारी थांबले. "काय, काय म्हणणं आहे?" मास्तर हात जोडून म्हणाले, "काही नाही, साहेब मोरीत उभे आहेत. एवढं सोप्यात येऊन बोलावं." सभा खदाखदा हसली. पुढाऱ्याला धड सरकताही येईना, धड उभंही राहता येईना. पण गडी दिलदार असावा. सरकून सोप्यात आला आणि नंतर मास्तरांना जवळ बोलावून घेऊन सगळं ऐकलं. त्यानं काही केलं की कचेरीतल्या साहेबांनीच नेट लावला, मला ठाऊक नाही. पण एक दिवस कचेरीतनं निरोप आला. लिलाव रद्द. ठरलेली किंमत, भाड्याएवढा हप्ता, मुकादमाचा शब्द, चिठ्ठ्या आणि दोघांची नावं. सगळं मान्य, आणि मास्तरांनी घातलेली अटही मान्य.

चाळीत दिवाळी झाली. अण्णासुद्धा पेढा खाऊन गेला, पण भिंतीवर हात फिरवूनच.

चिठ्ठ्यांच्या दिवशी कचेरीच्या आवारात आम्ही सगळे रांगेत. टेबलापाशी कारकून प्रत्येकाला मोठ्यानं विचारायचा, "नावावर कुठं घर, भिंत?" "न्हाई." "पुढं." आमच्यापुढं एक गृहस्थ होते, त्यांची गावाकडं माडी आहे हे सगळ्यांना माहीत. त्यांनी हात जोडून सांगितलं, "न्हाई जी, उघड्यावर संसार हाय." मास्तर नुसते मान वाकवून त्यांच्याकडं बघत राहिले. ते गृहस्थ घामाघूम झाले आणि पाणी पिऊन येतो म्हणून जे गेले ते आलेच नाहीत.

मग मास्तरांची पाळी आली. कारकून त्यांना ओळखत होता, हसून म्हणाला, "मास्तर, तुम्हाला काय विचारायचं! चला, पुढं."

"विचारा," मास्तर म्हणाले.

"बरं. नावावर कुठं घर, भिंत?"

"भिंत आहे."

कारकुनानं लेखणी खाली ठेवली. मास्तरांनी शांतपणे सांगितलं. मूळ गाव माण तालुक्यात, दहिवडीच्या पुढं. चुलतभावांनी घराच्या वाटण्या केल्या तेव्हा हे नोकरीवर. एकानं तुळया नेल्या, एकानं दारं, एकानं पत्रे. मास्तरांच्या वाट्याला एक दगडी भिंत आली, कारण ती कुणाला उचलून नेता येईना. "छप्पर नाही, दार नाही. पण भिंत आहे, आणि माझ्या नावावर आहे."

"अहो मास्तर, ती कसली भिंत! सोडा की."

"मीच म्हणालो होतो ना, भिंतसुद्धा?"

रांग मोडली. हौसाक्का त्यांच्या पायाशी बसली. "मास्तर, आसं करू नगासा. तुमच्यामुळं आमी हितं." आमचे हे त्यांचा दंड धरून म्हणाले, "कोण बघायला जातंय माणात?" मी तर नाही नाही ते बोलले. म्हटलं, "अक्कल गहाण ठेवलीत का मास्तर? तो खिळा काय सरणावर घेऊन जाणार आहात?" बोलले आणि जीभ चावली. पण ते रागावले नाहीत. म्हणाले, "बाई, आज माझी भिंत सोडली की उद्या त्याची माडी सोडायला लागते. नियम चांगला आहे. मी त्यात बसत नाही, एवढंच." आणि टोपी सारखी करून चालायला लागले. आम्हाला चिठ्ठी लागली, हौसाक्काला लागली. मी घरी येऊन रडले. आनंदानं रडतेय असं सासूबाईंना वाटलं.

घर झालं. मास्तरांनी आखलं होतं तसंच, मोरीसुद्धा तिथंच. हप्ता फेडता फेडता नाकी नऊ आले, पण तो आपला हप्ता होता. वास्तुशांतीच्या दिवशी आमच्या ह्यांनी हातोडी घेतली आणि आनंदाच्या भरात भिंतीची नुसती चाळण करून टाकली. अडकवायला काही नव्हतं तरी खिळे! मग हातोडी मास्तरांपुढं धरली. "मास्तर, तुमचा खिळा ठोका. आरसा आणा. इथंच राहा आमच्यात."

मास्तरांनी भिंतीवरनं हात फिरवला. अण्णा फिरवायचा तसा नव्हे, दुसराच. म्हणाले, "झकास झालीय. पण दुसऱ्याच्याच भिंतीत ठोकायचा असता तर अण्णाचा मार खाऊन केव्हाच ठोकला असता." आणि पंगतीत बसून दोन वाट्या खीर प्याले.

निवृत्त झाले आणि गावी गेले. आरसा वाकळेत गुंडाळून मांडीवर घेतलेला, शेजारच्या सीटचं तिकीट काढलेलं, कुणाचा धक्का लागू नये म्हणून. आम्ही सगळी आळी स्टँडवर. गाडी सुटल्यावर त्यांनी खिडकीतनं हात वर केला आणि कडी लावली.

पुढं एकदा आमच्या एका विद्यार्थिनीचं लग्न दहिवडीला होतं. तिथवर गेले, मग राहवेना, तशीच पुढं मास्तरांच्या गावाला गेले. उन्हाळा होता. दोन्हीकडं उजाड रान, पुरुषमाणसं सगळी मुंबईला, गावात म्हातारे आणि मेंढरं. एक बाई मेंढरं घेऊन चालली होती, तिला विचारलं, "मास्तरांचं घर कुठं?"

"त्ये भितीवालं व्हय? हितनं सरळ जावा. दार उगवतीला हाय बगा."

गावाच्या कडेला ती भिंत उभी होती. एकटीच, काळ्या दगडाची, वरच्या दोन-चार थरांची पडझड झालेली. आणि तिच्यापुढं जमिनीवर पांढऱ्या रेघा. सोपा, मधलं घर, स्वयंपाकघर, मोरी. मास्तर सोप्यात सावली धरून बसले होते, थकलेले दिसत होते. मला बघून उठले. मी वळसा घालून उगवतीच्या दारापाशी गेले, चपला काढल्या, आत गेले.

"बसा बाई. रातचं झोपायला चुलतभावाकडं जातो, पर दिवसा हितंच. मेंढरं तेवढी ऐकत न्हाईत, भितीतनंच जात्यात. बाकी रेघ कशी ऱ्हायलीय बगा! सांगलीत पावसानं पुसायची. हितं पाऊसच न्हाई. दुस्काळाचा एवढाच फायदा." हसले. मग विचारलं, "हौसाक्काची मोरी तुंबत न्हाई न्हवं?"

"नाही," म्हटलं, "झकास आहे."

"चहा टाकतो," म्हणाले आणि स्वयंपाकघरात गेले. दारानं, वाकून.

तेव्हा मी भिंतीकडं बघितलं. भिंतीत तो खिळा होता आणि खिळ्यावर तो आरसा, पोपटांच्या जोडीचा, लखलखीत पुसलेला. पण फार खाली लावलेला. मास्तरांना त्यात तोंड बघायचं तर कमरेत वाकावं लागलं असतं. मला वाटलं, म्हातारपणी हात वर जात नसेल, म्हणून ठोकला असेल खाली. मी उठून जवळ गेले. माझं तोंड आरशात बरोबर मध्यभागी आलं. मान उंचावायला नको, वाकायला नको.

मला एकदम हुंदका आला. तो मी आवरलाही नाही. माळावरच्या संध्याकाळी ते रेघेपाशी उभे राहून हात वर-खाली करून कुणाचं माप घेत होते, ते मला आत्ता कळत होतं.

मास्तर दोन कप घेऊन दारात उभे होते. मग म्हणाले, "बरोबर बसलाय न्हवं, बाई? मापाला कुनी नव्हतं. अदमासानंच ठोकला."

"बरोबर बसलाय, मास्तर," मी म्हणाले, आणि त्या आरशात बघून उभ्यानं माझं कुंकू नीट केलं.